दोरी लावलेलं डालगं

मित्रांनो, पोखर्णीच्या भुजंगरावांची मंजुषा ज्या उन्हाळ्यात लग्न होऊन चुडाव्याला गेली, त्या उन्हाळ्यात माझा जन्म झाला. मांडव उतरला, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि भुजंगरावांना घरात करमेना. ते विळा घेऊन ओढ्यावर गेले आणि निरगुडीच्या फोकांचा भारा घेऊन आले. फोक ओले आहेत तोवर विणावे लागतात, वाळले की मोडतात. म्हणून ते त्याच दिवशी गोठ्याच्या सावलीत विणायला बसले.

त्यांच्या बायको धुरपताबाई म्हणाल्या, "दुसरं कशाला विणायलाव? एक हाय की."

"असू दे," ते म्हणाले. "हाताला काम पायजे."

असा मी तयार झालो. मी एक जुनं डालगं आहे. कोंबड्या झाकून ठेवतात ते. माझं तोंड खाली असतं आणि शेंडा वर. चालता येत नाही, उठता येत नाही. कुणी उचललं तर उचललं जातो, ठेवलं तर तिथेच राहतो. तरी माझ्या हातून एक चांगलं काम झालं. ते तुम्हाला सांगावं असं फार दिवस मनात होतं.

पहिली काही वर्षं मी कोंबड्यांची राखण केली. दिवस मावळला की धुरपताबाई दाणे टाकून कोंबड्यांना बोलवायच्या आणि माझ्याखाली घालायच्या. माझ्या फटींतून आत वारा जाई, पण मुंगसाचं तोंड आत जात नसे. शेजारच्या बाया खुडूक कोंबडीसाठी मला मागून न्यायच्या आणि परत देताना म्हणायच्या, "भुजंगरावाचा हात लय घट्ट हाय." ते ऐकून मला बरं वाटायचं.

मग एका वर्षी मानमोडीचा रोग आला. सगळ्या कोंबड्या गेल्या. धुरपताबाईंनी पुन्हा कोंबड्या पाळल्या नाहीत. मला गोठ्याच्या पत्र्यावर टाकलं गेलं. तिथे मी कितीतरी पावसाळे काढले. माझा रंग राखेसारखा झाला, एका बाजूचे फोक निसटले. माझ्यात पाली राहू लागल्या. कुणी माझी आठवण काढत नसे. रिकामं राहणं किती जड असतं, हे मला तिथे कळलं.

धुरपताबाईंच्या भिंतीला भिंत लागून ईश्वरअप्पांचं घर होतं. पुढे किराणा दुकान, मध्ये घर आणि मागे पत्र्याचं छप्पर. त्या छपराखाली पोती असायची. पोत्यांमुळे उंदीर, आणि उंदरांमुळे एक कबरी मांजर. ती कुणाची नव्हती. माणूस दिसला की ती भिंतीपलीकडे जाई. अप्पा तिला हाकलत नसत आणि ती अप्पांना जवळ येऊ देत नसे. असं त्या दोघांचं चाललं होतं.

एकदा सकाळी अप्पा पोती हलवत होते. तेव्हा मागे तीन पिल्लं निघाली. डोळे नुकतेच उघडलेले. आई जवळ नव्हती. अप्पांनी थोडं इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना वाटलं, हिनं पिल्लं टाकली. ते फार दयाळू. त्यांनी पिल्लं धोतरात घेतली, घरात आणली, ओल्या फडक्यानं पुसली आणि तिघांच्या कपाळाला विभूती लावली. त्यांच्या घरात मूल जन्मलं की पहिली विभूती लावतात, तशीच. मग वातीनं गाईचं दूध पाजलं आणि पिल्लं खोक्यात ठेवली.

दुपारी कबरी मांजर छपराखाली आली. पोत्यांमागे शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली. मग ती ओरडायला लागली. मी वर पत्र्यावर होतो. तिचं ओरडणं या घरावरून त्या घरावर जात होतं.

धुरपताबाई भिंतीवरून म्हणाल्या, "अप्पा, ही का बोंबलायली?"

अप्पांनी खोकं दाखवलं.

"आरं देवा. तिनं टाकली नव्हती वो. मांजर सात घरं फिरवती पिल्लांना. सकाळी ती आमच्या कडब्यात शिरून जागा बघायली व्हती. ती घर बदलायली व्हती आन् तुमी मधीच उचलली."

अप्पांनी खोकं उचललं. पिल्लं घेऊन मागे गेले आणि होती तिथे ठेवून दूर झाले. पण कबरीच्या आधी भिंतीवर काळा बोका येऊन बसला. मागच्या खेपेला याच बोक्यानं तिची पिल्लं मारली होती. अप्पांनी त्याला हाकललं. अप्पा उभे राहिले तर कबरी येईना, अप्पा आत गेले तर बोका येई.

"आमचं डालगं हाय," धुरपताबाई म्हणाल्या. "झाका त्याच्याखाली."

हे ऐकून अप्पांच्या पत्नी महादेवी दारात आल्या. "आक्का, गळ्यात लिंग हाय माझ्या. कोंबड्याचं डालगं माझ्या दारात नगं."

"कोंबड्या मरून वर्षं झाली. आता त्यात नुसत्या पाली हायत."

"दारात न्हाई, मागं ठेवू," अप्पा म्हणाले.

महादेवींनी नाक मुरडलं, पण चुलीवरचं कढत पाणी आणून माझ्यावर ओतलं. आयुष्यात मला मिळालेली ती पहिली अंघोळ. मग मला पिल्लांवर ठेवलं. कितीतरी वर्षांनी माझ्याखाली जीव आले.

बोका आला, माझ्याभोवती फिरला, पंजा घालून पाहिला आणि गेला. मी खूश झालो. पण मग कबरी आली. तिनंही माझ्याभोवती फेऱ्या घातल्या. तिनंही फटीतून पंजा घातला. आतून पिल्लं ओरडत होती, बाहेरून ती. मित्रांनो, बोका कोणता आणि आई कोणती, हे डालग्याला कळत नाही. मी दोघांनाही सारखंच अडवलं.

तोडगा भुजंगरावांनी काढला. त्यांनी माझ्या शेंड्याला दोरी बांधली, ती छपराच्या आडव्या लोखंडावरून घेतली आणि टोक मागच्या दाराच्या फटीतून आत दिलं. "अप्पा, तुमी आत बसा. बोका आला तर बसू द्या खाली. आई आली की हळूच वढा."

अप्पा दाराआड पाट टाकून दोरी धरून बसले. दुकान पुढे उघडंच. गिऱ्हाईक हाका मारी आणि अप्पा बसल्या जागेवरून सांगत, "घे तुझ्या हातानं."

गल्लीतला बालाजी साखर न्यायला आला आणि थेट आत डोकावला. "अप्पा, गळ टाकून बसलाव का? मासा लागला तर आमाला द्या. तुमच्यात चालत न्हाई."

"गप रे. साखर घे आन् जा."

"हातानं? जास्त घेतली तर?"

"घे. पर आवाज करू नको."

पहिल्या खेपेला अप्पांनी घाई केली. कबरी जवळ येताच दोरी ओढली. मी करकरत वर गेलो, हिंदकळलो आणि ती भिंतीपलीकडे पळाली. दुसऱ्या खेपेला मी हळू उठलो. ती आत आली, पिल्लांना हुंगलं आणि मागे सरकून निघून गेली. विभूतीचा वास तिला नवा वाटला की माणसाच्या हाताचा, ते मला सांगता येणार नाही. तिला परकं वाटलं एवढं खरं.

गाईच्या दुधानं पिल्लांची पोटं बिघडली होती. त्यांचा आवाज बारीक होत चालला. अप्पांनी त्या दिवशी ताटाला हात लावला नाही.

महादेवी म्हणाल्या, "तुमी न्हाई जेवल्यानं तिला पान्हा फुटणार हाय का?"

"मी लेकरं उचलली तिची. ती घेऊन गेली की जेवीन."

"आन् तुमची शुगर? ती मांजरीला कळती का?"

"तू जेव."

"मी एकटी कवा जेवले?" असं म्हणून त्यांनी ताट झाकून ठेवलं. आता त्या घरात दोघं उपाशी होती आणि माझ्याखाली तीन.

दुसऱ्या दिवशी धुरपताबाईंनी कबरी निजायची ते पोतं आणलं. पिल्लांची विभूती पुसली आणि त्या पोत्यानं पिल्लांना चोळलं. मला परत ठेवलं. पुढे दुकानात बालाजी बसला होता. आता तो थट्टा करत नव्हता. कुणी आलं की ओठांवर बोट ठेवत होता.

ऊन उतरायच्या सुमाराला कबरी आली. अप्पांनी दोरी इतकी सावकाश ओढली की मी कधी उठलो ते मलाही कळलं नाही. ती माझ्याखाली आली. एका पिल्लाची मान तोंडात धरली आणि भिंतीवरून कडब्याकडे गेली. अप्पांनी मला खाली सोडलं. थोड्या वेळानं ती परत आली. मी उठलो. तिनं दुसरं नेलं.

तिसरं अगदी बारकं होतं. ते ओरडतही नव्हतं. कबरी आली, तिनं त्याला चाटलं, नाकानं जरा हलवलं. मग ती रिकाम्या तोंडानं निघून गेली. अप्पा दोरी धरून वाट पाहत बसले. सावल्या लांबल्या. ती काही आली नाही.

धुरपताबाई हळूच म्हणाल्या, "अप्पा, तिला कळतं. जगणार न्हाई ते ती ठेवून गेली."

"येईल," अप्पा म्हणाले. त्यांनी दोरी मुठीभोवती आणखी एकदा गुंडाळली. दोरीचा ताण माझ्या शेंड्यापर्यंत येत होता.

तेव्हा महादेवी दार उघडून बाहेर आल्या. ज्या डालग्याला त्यांनी काल हात लावला नव्हता, त्याला दोन्ही हातांनी धरून बाजूला केलं. पिल्लू उचललं, पदरात गुंडाळलं आणि नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"दोन तिची तिनं नेली. हे आता माझं हाय. सोडा ती दोरी आन् जेवायला चला."

अप्पांनी दोरी सोडली. मुठीत तिचा वळ उमटला होता. ते जेवले. बायकोकडे न बघता जेवले, पण जेवले.

अप्पांनी परभणीच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं, गाईचं दूध बंद करा. शेळीचं दूध कोमट करून थेंबाथेंबानं पाजा, त्यात अंड्याचं पिवळं थोडं कालवा. पोटाखाली ऊब ठेवा आणि पाजल्यावर ओल्या कापसानं पुसा, म्हणजे ते लघवी करील. बाकी सगळं सोपं होतं. अंडं अवघड होतं.

महादेवींनी शेळीचं दूध कोमट केलं. मग धुरपताबाईंना म्हणाल्या, "आक्का, मी भिंतीकडं तोंड करून बसते. तुमी काय कालवायचं ते कालवा. मला सांगू नका."

"सांगत न्हाई. पर वास आला तर?"

"मला सर्दी हाय."

रोज असंच चाललं. धुरपताबाई कालवायच्या, महादेवी भिंतीकडे बघत बसायच्या आणि मग वळून पिल्लाला मांडीवर घेऊन पाजायच्या. दिवसा त्याला माझ्याखाली उन्हात ठेवायचे. हळूहळू ते उभं राहिलं, मग माझ्या फटींतून पंजे बाहेर काढून जाणाऱ्या-येणाऱ्याचा पदर ओढू लागलं. त्याचं नाव बारकी पडलं.

कबरीची पिल्लं कडब्यात वाढली. पुढच्या वर्षी आणखी झाली. कबरी खंगून हाडांवर आली तरी तिची बाळंतपणं थांबेनात आणि पिल्लं बोक्याच्या, नाहीतर रस्त्याच्या तोंडी जात. डॉक्टर म्हणाले, मांजरींचं ऑपरेशन करून घ्या. पण रानटी मांजर धरायची कशी? मग माझी दोरी पुन्हा बांधली गेली. या वेळी मला आधीच वर टांगलं आणि खाली खाणं ठेवलं. कबरी खात असताना अप्पांनी दोरी सोडली. ती माझ्याखाली केवढी धडपडली. माझे दोन फोक तिनं तोडले. मी धरून ठेवलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम ते.

ती ऑपरेशन होऊन परत आली, सुटताच पळाली आणि पुष्कळ दिवस त्या अंगणाकडे फिरकली नाही. अप्पा मात्र रोज दूधभाकर कुस्करून मागे ठेवत आणि दुसरीकडे तोंड करून लांब बसत. रानटी मांजराकडे टक लावून पाहिलं तर ते खात नाही. एक दिवस ती आली आणि खाऊन गेली. मग रोज येऊ लागली. तिचं अंग भरलं, केस चमकू लागले. अप्पांनी तिला कधी हात लावला नाही. तिनंही लावू दिला नसता.

मित्रांनो, तुम्हाला कुठे मांजराची पिल्लं एकटी दिसली, तर लगेच उचलू नका. लांब बसा. त्यांची आई जागा शोधायला गेली असेल, नाहीतर तुम्हालाच भिऊन कुठे लपली असेल. कुत्रं किंवा बोका आला तर हाकला, पण पिल्लं तिथेच राहू द्या. खूप वाट पाहूनही आई आली नाही, तर मग उचला, आणि उचललं तर अर्ध्यात सोडू नका. उचलणं एका क्षणाचं काम आहे, सांभाळणं रोजचं.

माझे फोक आता ठिसूळ झाले आहेत. मला विणणारे भुजंगराव हातात विळा धरत नाहीत, त्यांना दिसत नाही. मी अप्पांच्या छपराखाली असतो आणि बारकी माझ्या शेंड्यावर बसते.

कबरी मांजर दोन हजार तेवीस साली दिवाळीनंतरच्या थंडीत मेली. ती म्हातारी झाली होती. ईश्वरअप्पा त्याच्या पुढच्या श्रावणात, शेवटच्या सोमवारी सकाळी पूजा झाल्यावर वारले. त्यांना न्यायच्या आधी महादेवी थोडा वेळ मागे येऊन गेल्या, कारण मांजरांच्या खाण्याची वेळ झाली होती.