गुरुलिंग सरांची कडी

आमच्या ऑफिसच्या संडासाला कडी नाही. होती, तुटली. सुताराला बोलवू या म्हटलं तर गुरुलिंग सर म्हणाले, "इंजिनियर हाय की आपण!" आणि दाराच्या मुठीला एक लाल टॉवेल अडकवला. टॉवेल मुठीला लटकतोय म्हणजे आत माणूस. बाहेर आलं की टॉवेल काढून खिडकीवर टाकायचा. सोलापुरात बसून टॉवेलला काय तोटा? आम्ही माणसं तीन: सर, सोहेब आणि मी, दाक्षायणी. कारभार सुखात चालला होता.

सरांना तयार वस्तू चालतच नाही. गाव मंद्रूप, डोकं स्वतःचं. टॉवेल कारखान्याच्या पॅकिंगचा प्रोग्रामही त्यांनी असाच लिहिलाय. कारखान्यात बऱ्याच टेबलांवर एकदम गठ्ठे बांधतात आणि प्रत्येक टेबल प्रोग्रामकडे पुढचा नंबर मागतं. प्रत्येक टेबलामागं एक थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला एकेक हरकाम्या, आणि सगळ्यांची झडप एकाच आकड्यावर. एकाचं काम उरकेपर्यंत दुसऱ्यानं बाहेर थांबावं म्हणून मध्ये लॉक लागतं. चांगली तयार लॉकं फुकट मिळतात हो! पण नाही. सरांनी स्वतःचं लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'कडी'.

आता हा प्रोग्राम पुण्याची एक मोठी कंपनी घेणार होती. अट एकच. दोन थ्रेड एकाच वेळी एकाच जागी घुसतात का, हे पकडणारं एक टूल असतं. ते चालवायचं आणि रिपोर्ट कोरा दाखवायचा. कोरा नसेल तर प्रोग्राम पुण्यात नव्यानं लिहिणार, सोलापूरचं ऑफिस बंद, आणि मला पुण्यात खुर्ची. मी पुण्यात राहून आलेय. सकाळपासून रात्रीपर्यंत एक माणूस 'काय की' म्हणत नाही त्या गावात. मला नाही जायचं, बास!

टूल चालवलं तर पानंच्या पानं बोंबाबोंब. सर तापले. "येडं हाय ते टूल!"

येडं नव्हतं ते. त्याला तयार लॉकं ओळखीची. सरांची कडी त्यानं बापजन्मात बघितलेली नव्हती. त्याला वाटलं, दार सताड उघडं आहे आणि सगळे आत घुसतायत. असल्या घरगुती लॉकला आपणच कोडमध्ये खुणा लिहाव्या लागतात, की इथं कडी लागली आणि इथं निघाली. टूल बिचारं भोळं. तुम्ही लिहाल त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतं.

मी बसून खुणा लिहिल्या. बोंब थांबली. एक सोडून.

ती एक कुठून येतेय ते शोधत गेले, तर कडीच्या कोडात सरांचीच टीप सापडली: 'लई वेळ झाला, घुसा आता.' म्हणजे थ्रेडनं बाहेर थोडा वेळ वाट बघायची, आणि कडी निघालीच नाही तर आपल्यालाच मिळाली असं समजून सरळ आत जायचं! दिवाळीत अकलूजचे टॉवेल बार्शीला आणि बार्शीचे अकलूजला का गेले होते, ते मला तेव्हा कळलं. दोन गठ्ठ्यांवर एकच नंबर पडला होता.

"सर, हे काय आहे?"

"अगं, टेबलांना थांबायला लागायचं, कारखान्याचा मालक बोंबलायचा. म्हणून सोय केली."

"ही सोय आहे? घुसखोरी आहे ही!"

"आवाज नको चढवू. तू ती खूण जरा अलीकडं लिही. कडी मिळू दे न्हायतर न मिळू दे, आत चालला की लागली म्हणायचं. टूल गप!"

"आणि गठ्ठे?"

"गठ्ठ्याचं बघू की नंतर! उद्या तो ऋतुराज येतोय पुण्यावरनं तपासायला. मला रिपोर्ट कोरा पायजे. न्हायतर तू पुण्याला आणि मी मंद्रूपला, शेळ्या राखायला."

एका ओळीचं काम होतं. खोटं कशाला बोलू, हात शिवशिवला माझा. पण त्या खुणांखाली माझं नाव जातं, आणि भोळ्याला फसवणं मला जमत नाही. नाही लिहिली. सरांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. शेजारच्या खुर्चीवर बसून मला निरोप द्यायचे, तेही सोहेबमार्फत.

दुसऱ्या दिवशी ऋतुराज आला. पांढराशुभ्र शर्ट, गोड बोलणं. आल्या आल्या हात धुवायला गेला, मुठीवरचा टॉवेल बाजूला सारला आणि दार उघडलं. आत सोहेब.

"अरे अरे, क्या जी!" सोहेब किंचाळला. दार धाडकन बंद.

ऋतुराज लालेलाल. "सॉरी, मला वाटलं टॉवेल वाळत घातलाय."

"तुमच्या टूललापण तसंच वाटलं होतं," मी म्हटलं. दारावर एक चिठ्ठी चिकटवली: टॉवेल लटकतोय म्हणजे आत माणूस आहे. "ही झाली खूण. आता नवा माणूसपण थांबेल."

त्याला ते फारच आवडलं. चिठ्ठीचा फोटो काढला. "म्हणजे रिपोर्ट आता कोरा आहे?"

सरांनी माझ्याकडं असं बघितलं, की काय सांगू. मी म्हटलं, "आधी जेवून घेऊ की."

घरून डबा आणला होता. कडक भाकरी आणि शेंगाची आमटी. ताकाचा तांब्या मी सरांपुढंच ठेवला होता. अबोला असला तरी ताकाला ते नाही म्हणत नाहीत. ग्लास रिकामा झाला की मी भरत होते. तिकडं ऋतुराजनं भाकरी मोडायला सगळी ताकद लावली. भाकरी मोडली आणि आमटीची वाटी थेट शर्टावर!

देवच पावला मला. "तेलाचा डाग आहे बघा," मी म्हटलं. "शर्ट काढून धुवा, साबण लावून घासा चांगला. निवांत, घाई काही नाही."

त्यानं शिस्तीत टॉवेल मुठीला अडकवला आणि आत गेला.

थोड्या वेळानं सर उठले. दाराशी गेले. टॉवेल बघितला, चिठ्ठी वाचली, उभे राहिले. या पायावरून त्या पायावर झाले. खोकले. आतून घासल्याचा आवाज काही थांबेना. मी आणि सोहेब स्क्रीनमागं तोंड लपवून बसलो होतो. हसू आवरेना हो! शेवटी सरांनी कपाळाचा घाम पुसला आणि दार ढकललं.

आत ऋतुराज बनियनवर, हातात फेसाळलेला शर्ट.

"अहो, टॉवेल लटकतोय की!" पुण्याच्या माणसाच्या तोंडून 'की' निघाला.

"लई वेळ झाला, म्हणून..." सर म्हणाले, आणि तिथंच थांबले. मान हळूहळू माझ्याकडं वळली.

ऋतुराज ओला शर्ट घालून बाहेर आला, सर घाईनं आत गेले. मी रिपोर्ट उघडला. एक बोंब. शेजारी सरांची टीप. त्यानं टीप वाचली, बंद दाराकडं बघितलं, पुन्हा टीप वाचली, आणि खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"ही बोंब खरी आहे, मॅडम."

"खरी आहे."

"खोटी खूण लिहून गप करता आली असती."

"आली असती," मी म्हटलं. पुण्याची खुर्ची डोळ्यांसमोर आली.

"मला कोऱ्या रिपोर्टची भीती वाटते," तो म्हणाला. "ही एक दुरुस्त करून पाठवा. काम इथंच राहू दे."

तो गेला. सर आले आणि माझ्या खुर्चीमागं उभे राहिले.

"दाक्षे, ताक मुद्दाम पाजलंस न्हवं?"

"सर, मी फक्त खुणा लिहिते. आत तुम्ही घुसलात."

सरांनी आपली खुर्ची माझ्या टेबलाशी ओढली. मग "सरक तिकडं" म्हणाले, आणि ती टीप, तिच्याखालचं घुसायचं कोड, सगळं स्वतःच्या हातानं पुसलं. टूल पुन्हा चालवलं. रिपोर्ट कोरा आला.

"सोहेब," सर म्हणाले, "सुताराला फोन लाव."