मास्तरणीची घंटा

जावयाला दहावा ग्रह म्हणतात. ज्यांनी म्हटलं त्यांनी माझ्या सासऱ्यांची घोडी पाहिली नव्हती. पाहिली असती तर ते पद तिलाच गेलं असतं.

मी घड्याळजी. खुर्चीवर बसायचं, डोळ्याला भिंग लावायचं आणि मोहरीएवढे स्क्रू फिरवायचे, यापलीकडे माझ्या शरीराला कसली सवय नाही. असा माणूस घोड्यावरून डोंगर चढणार हे कळल्यावर आमच्या दुकानाशेजारच्या न्हाव्याने माझी दाढी फुकट केली. "असू दे," म्हणाला, "कुणी सांगावं, शेवटची असली तर!"

मला घोड्यावर चढवलं ते बायकोने. तिचे वडील आयुष्यभर घोड्यांवरून वरच्या कुरणांतल्या मेंढपाळांना पीठ, मीठ आणि औषधं पोचवत आले. आता त्यांची सत्तरी उलटली. माझ्या मेहुण्याचा ट्रकचा धंदा आहे. त्याचं म्हणणं, पुरे झालं आता, घोडे विकून टाका आणि बाबांना गॅरेजवरच्या खोलीत आणून ठेवा, खाली ट्रक धुतात ते बघत बसतील. बाबांचं म्हणणं, मला ट्रक धुतलेले बघायचे नाहीत. बरंच वाजल्यावर तोडगा निघाला: या खेपेला जावयाने सोबत जायचं आणि परत येऊन सांगायचं, की बाबांना हे अजून झेपतंय की नाही. जावई सांगेल ते शेवटचं.

"मीच का पण?" मी हिला विचारलं.

"दादा गेला तर भांडण होईल, मी गेले तर रडारड. तुमचं काम बारीक. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही."

बायकोने स्तुती केली की माणूस कशावरही चढतो. मी चढलो.

म्हणजे चढायला गेलो. पागेत तीन जनावरं होती. एक म्हातारा तांबडा घोडा, त्याचं नाव कारकून. लगाम वळवाल तिकडे वळायचं आणि खेचाल तिथे थांबायचं. समोर खड्डा असला तर तो वरिष्ठांनी पाहिलाच असेल, अशी त्याची श्रद्धा. दुसरं सामानाचं तट्टू, कारकुनाच्या खोगिराला दोरीने बांधलेलं. आणि तिसरी मास्तरीण. अंगाने करडी, गळ्यात पितळी घंटा, आणि नजर अशी, की तुम्ही गृहपाठ केलेला नाही हे तिला तुम्ही वर्गात शिरायच्या आधीच कळलेलं आहे.

"जावईबापू, तुम्ही मास्तरणीवर," सासरे म्हणाले, "आणि पुढे. मान तुमचा."

"आणि तुम्ही?"

"मी आपला मागे. कारकून आणि मी, दोघंही निवृत्तीला आलेले."

मी खोगिराचा पट्टा आवळत होतो तेव्हा मास्तरणीने छाती भरून श्वास घेतला आणि पोट फुगवून ठेवलं. मी रिकिबीत पाय घातला तसा तिने तो सोडला. पट्टा ढिला झाला, खोगीर फिरलं आणि खोगिरासोबत मीही. जमिनीवरून पाहिलं तर ती आकाशाकडे बघत होती.

"घाई करू नका," सासरे शांतपणे म्हणाले. "पट्टा आवळायचा, मग थोडं उभं राहायचं, मग पुन्हा आवळायचा. तिला कधीतरी श्वास सोडावाच लागतो."

वाटेला लागलो तरी तिचं शिकवणं संपेना. चांगली चालत असायची, मधेच थांबायची. मी टाच मारली तर कान मागे टाकायची, लगाम झटकला तर मान वळवून माझ्या गुडघ्याचा अंदाज घ्यायची. मग मागे बघायची, जोराने मान हलवून घंटा वाजवायची, आणि कारकुनाची टापटाप जवळ आली की स्वतःच्या मर्जीने पुढे निघायची. वळण आलं की थांबलीच. फाटा आला की थांबलीच. चढ, उतार, ओढा, काहीही आलं की बाईसाहेब उभ्या. दुपारपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आणि ती घंटा! माझ्या दुकानात भिंतभर घड्याळं आहेत. सगळी एका तालात चालतात, नाही चाललीत तर मला जेवण जात नाही. ही घंटा म्हणजे ठण, ठण-ठण, मग काहीच नाही, आता आली म्हणून वाट बघावी तर नाही, आणि विसरलो की ठण! घंटा नव्हती ती, माझ्या संयमाची परीक्षा होती आणि मी नापास होत होतो.

संध्याकाळी ओढ्याकाठच्या सपाट जागेवर मुक्काम टाकला. मी सासऱ्यांवर नजर ठेवून होतो, त्यासाठीच तर आलो होतो. मानलं पाहिजे. तंबूच्या दोऱ्यांना गाठी मारताना त्यांनी हातांकडे एकदाही पाहिलं नाही. घोड्यांचे खूर एकेक उचलून बोटांनी चाचपले आणि कारकुनाच्या नालेत अडकलेला खडा काढला. चहा ओतताना कपात बोट धरून ओतला, हे मला जरा गलिच्छ वाटलं, पण डोंगरात कोण बघतंय! खोगिराची तुटलेली चामडी वादी शिवायला काढली तेव्हा सुई माझ्या हातात दिली. "ओवा बरं. तुमचा हात नाजूक."

सारखे प्रश्न मात्र विचारायचे. "घड्याळजी, ओढ्याला पाणी किती वाटतं? दगड उघडे आहेत का?" "ढग कुठल्या बाजूला आहेत, सांगा पाहू." मला वाटलं, शहरी जावयाला डोंगर शिकवतायत. मीही हुशार मुलासारखा उत्तरं देत राहिलो. तेवढ्यात मास्तरणीने स्वतःची गाठ दातांनी सोडली, येऊन माझा अंघोळीचा साबण खाल्ला आणि तोंडाला फेस आणून माझ्यासमोरच उभी राहिली. सासरे हसून हसून खोकायला लागले.

"चव कुठली आहे हो?" त्यांनी विचारलं.

"चंदन."

"उद्या घामाचा वास येणार नाही तिला."

सकाळी सासरे तट्टावर सामान लादत होते तेव्हा मी माझ्या मनासारखं एक काम केलं. घड्याळाच्या काचा पुसायचं पिवळं फडकं माझ्या खिशात असतं. त्याचा बोळा करून मी घंटेत घट्ट कोंबला. तिने माझी बाही पकडली आणि टरकावली. म्हटलं फाड, बाही गेली तरी चालेल, कान वाचतील.

त्या दिवशी ती निघायलाच तयार नव्हती. मान हलवायची, आवाज येत नाही म्हणून पुन्हा हलवायची. पण मीही इरेला पेटलो होतो. दोन्ही टाचा मारल्या, तोंडाने नको नको ते बोललो, आणि काय चमत्कार, मास्तरीण पळायला लागली! वारा कानात, खाली ओढ्याचा खळखळाट, घंटा गप्प. मला वाटलं, मारलं मैदान. पुढे फाटा आला, जुनी वाट सरळ आणि नवी वाट डावीकडे खडकाला वळसा घालून वर गेली होती, आम्ही तीही झोकात चढलो. न्हाव्याने मला या वेळी बघायला हवं होतं.

वर पोचल्यावर ती थांबली. मागे बघितलं. मीही बघितलं. मागे कुणी नव्हतं.

पुढचं मी केलं नाही, तिने केलं. जागच्या जागी गर्रकन वळली आणि आलो त्या उतारावरून सुटली. मी लगाम सोडून आयाळ धरली आणि देवाला नाही नाही ते कबूल केलं. खडकापाशी आलो तेव्हा दिसलं. सासरे नव्या वाटेला वळलेच नव्हते. सरळ जुन्या वाटेने चालले होते, ताठ बसून, मान जरा कलती करून, काहीतरी ऐकत असल्यासारखे. ती जुनी वाट मागे दरड कोसळली तेव्हा तुटून खाली ओढ्यात गेली होती. हे मला दिसत होतं. कारकुनालाही दिसत असणार, पण लगाम सरळ होता म्हणून तोही सरळ चालला होता.

"बाबा! थांबा!" मी ओरडलो. ओढ्याच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

मास्तरणीने डोंगराच्या बाजूने अंग घासत वाट काढली, माझी तंगडी खडकावर खरवडली, आणि ती कारकुनाच्या छातीपुढे आडवी जाऊन उभी राहिली. कारकून थांबला. तट्टू थांबलं. माझा एक पाय मोकळ्या हवेवर लोंबत होता, मी खाली बघितलं नाही.

सासऱ्यांनी हात पुढे केला. तो आधी हवेत फिरला, मग तिच्या मानेला लागला, मानेवरून घंटेपर्यंत आला. त्यांनी बोळा बाहेर ओढला आणि बोटांनी चाचपून पाहिला.

"तुमचं फडकं का?"

"हो."

"वाट कुठे संपते?"

"इथेच. मास्तरणीच्या पलीकडे दोन हात."

"मग पुष्कळ आहे," ते म्हणाले.

वळून वर आलो आणि मी खाली उतरून आधी त्यांच्यावरच ओरडलो. घाबरलो की मी ओरडतो, आमचं घराणंच तसलं. "दिसत नाही तर सांगायला काय झालं होतं? तोंड नव्हतं तुम्हाला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आलाच नसता."

"नसतो आलो कदाचित! पण घंटेत बोळा तरी घातला नसता!"

ते खडकावर बसले. उजव्या डोळ्याला आता काही दिसत नाही, म्हणाले, डाव्याला उजेड आणि सावली तेवढी कळते. डॉक्टरांनी सांगून टाकलंय, मोतीबिंदू असता तर काढला असता, हा आतला कंदीलच विझत चाललाय. वाट पाठ होती म्हणून चाललं. मग वाट बदलली, तेव्हापासून मास्तरीण मोकळी पुढे आणि ते घंटेच्या मागे.

"तिला थांबायला तुम्ही शिकवलंत?"

"मी कसलं शिकवतोय! एक दिवस मी फार मागे पडलो, तर ही उभी राहून घंटा वाजवत होती. तेव्हापासून रोजच." त्यांनी फडक्याची नीट घडी घालून माझ्या हातात दिली. "तुम्हाला कशाला पाठवलंय ते मला ठाऊक आहे, जावईबापू. जे पाहिलंत ते सांगा. गॅरेजवरची खोली काही वाईट नाही. खिडकी मोठी आहे म्हणतात." मग म्हणाले, "मला खिडकीचा काय उपयोग, एवढंच. इथे मला सगळं ऐकू येतं."

मला रडू आलं आणि त्याचा फार राग आला. मी जाऊन मास्तरणीचा पट्टा आवळला, थोडा थांबलो, पुन्हा आवळला. तिने या वेळी श्वास धरलाच नव्हता.

कुरणावर मेंढपाळांनी त्यांना घोड्यावरून जवळजवळ उचलूनच घेतलं. पीठ-मीठ उतरलं. औषधाच्या बाटल्या कुणाकुणाला द्यायच्या ते त्यांनी नुसत्या आवाजावरून माणूस ओळखून सांगितलं. एका म्हातारीची खोकल्याची बाटली दुसऱ्याने हळूच उचलली, तर "तुझी नव्हे ती," म्हणाले. परतीच्या वाटेवर मास्तरीण थांबली की मी थांबायचो, आणि मान हलवायला विसरली की मीच वाकून घंटा वाजवायचो. वाटेत काय काय आहे तेही मी मोठ्याने सांगत आलो. ते मधेच म्हणायचे, "एवढं नको हो, थोडं डोंगरालाही बोलू द्या."

घरच्या अंगणात ही आणि मेहुणा वाट बघत उभे होते. सासरे उतरले आणि कारकुनाची वादी सोडत बसले. वादी केव्हाच सुटली होती, तरी ते सोडतच होते.

"मग भावोजी?" मेहुण्याने विचारलं. "काय निकाल?"

मी घसा खाकरला. "बाबांना काम उत्तम येतं. तक्रार आहे ती घोडीची."

"म्हणजे?"

"तिला माझा लळा लागलाय. माझ्याशिवाय पाऊल उचलत नाही. यापुढे प्रत्येक खेपेला मलाच जावं लागणार, इलाज नाही."

मेहुण्याने माझी फाटलेली बाही पाहिली, खरवडलेली तंगडी पाहिली. त्याच क्षणी मास्तरणीने मान लांबवून माझी टोपी दातांत धरली.

"लळा दिसतोय," तो म्हणाला. "आणि दुकान?"

"घड्याळं बंद पडून राहू शकतात. त्यांना घाई नसते."

त्याने हात वर केले. "मोडा मग कंबर! माझं काय जातंय? तुम्ही सोबत असाल तर राहू देत घोडे." आणि तो आपल्या ट्रककडे निघून गेला. सासऱ्यांचे हात वादीवर थांबले. त्यांनी चेहरा कारकुनाच्या मानेत लपवला.

ही आतून चहा घेऊन आली. आता हिला खरं कसं आणि कधी सांगावं, याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. हिने वडिलांपुढे कप धरला, हलकेच फिरवला, कपाचा कान त्यांच्या बोटांना टेकवला, आणि त्यांची पकड नीट बसल्यावरच सोडला. "भरलाय हं, बाबा," म्हणाली, अगदी सहज, वर्षानुवर्षांच्या सवयीने.

मग माझा कप माझ्या हातात देत म्हणाली, "पुढच्या खेपेला बसायला उशी शिवून देते."

मी हिच्याकडे बघत राहिलो. माझ्या खांद्यामागे मास्तरीण टोपी चघळत होती. सगळ्या वर्गाला आधीपासून येत असलेलं उत्तर मला तेव्हा आलं.