चार कप्प्यांची कल्याणी

धायरीच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर स्मृतीनाथ महाराज, मागे मोठा पडदा, समोर दहा-अकरा वर्षांची पोरं आणि पोरांहून उतावीळ त्यांचे आईबाप.

"अंगठ्यात स्वभाव, स्वभावात स्मृती!" महाराज माइकवर गरजले. "हट्टी मुलाच्या मेंदूत सात कप्पे, चंचलाच्या पाच, भित्र्याच्या चार. माझं तेल कप्पे वाढवतं!"

विक्रम नावाच्या मुलाचा अंगठा पाहून 'चंचल' असा निकाल लागला. त्याच्या पाठीमागे पडद्यावर आठ आकडे उमटले. महाराजांनी ते एका दमात वाचले, "सात, तीन, नऊ, शून्य, चार, एक, आठ, पाच." विक्रम पाचव्यावर अडकला. मग कपाळाला तेल, कानात मंत्र आणि पडद्यावर नवे आठ आकडे. "बेचाळीस... सतरा... छत्तीस... एकोणनव्वद." विक्रमने घडाघडा म्हणून दाखवले. टाळ्यांचा नुसता पाऊस.

कांताबाईंनीही दोन टाळ्या वाजवल्या. तिसरीला हात थांबले. काहीतरी ओळखीचं कानावर पडलं होतं. तेवढ्यात त्यांच्या लेकीचं, कल्याणीचं नाव पुकारलं गेलं.

सगळी सभा टक लावून बघत होती. महाराजांनी तिलाही आठ आकडे एकेक करून सांगितले. कल्याणी चौथ्यावर थांबली ती थांबलीच.

"भित्रा स्वभाव. चार कप्पे," महाराजांनी माइकवरून जाहीर केलं. "वर्षभर तेल लावा. तोवर शिष्यवृत्ती परीक्षा नको. मेंदूला झेपायची नाही."

"उद्याच शाळेत जाऊन नाव काढतो," कल्याणीचे वडील, रतन, हात जोडून म्हणाले.

"काढा, पण आधी मला एक विचारू द्या." कांताबाई उठल्या. "महाराज, मी मार्केट यार्डात एकवीस वर्षं ट्रकचे नंबर हमालांना ओरडून सांगते. सुटे आकडे सांगितले की ते भलत्याच गाडीवर चढतात. म्हणून आम्ही जोडीनं सांगतो, बेचाळीस-सतरा. आपणही तेल लावल्यावर तसंच सांगितलंत. आधी आठ सुटे, मग चार जोड्या."

"ताई, श्रद्धा नसेल तर तेल चढत नाही."

"मग ज्याला चढलंय त्यालाच विचारते की!"

त्यांनी विक्रमला आठ सुटे आकडे सांगितले. तेलानं चकाकणारं कपाळ पुन्हा पाचव्यावर अडकलं. मग कोरड्या कपाळाच्या कल्याणीला जवळ घेऊन म्हणाल्या, "चौसष्ट, अठ्ठावीस, एक्याण्णव, सदतीस." पोरीनं सगळे बिनचूक सांगितले.

मग मागून एक आवाज आला, "झालं का बाई तुमचं? आमचा नंबर आहे पुढचा."

रांग पुढे सरकली.

रिक्षात रतन पुटपुटले, "राहू दे नाव परीक्षेत."

"नको बाबा, काढा," कल्याणी म्हणाली. "मला चारच कप्पे आहेत. सगळ्यांनी ऐकलंय."

"अगं, आत्ता आठ सांगितलेस ना!" कांताबाई म्हणाल्या.

"ते आई, तू विचारलंस म्हणून."

कांताबाईंच्या लक्षात आलं. शंभर डोळे रोखले की भीतीच डोक्यातली जागा अडवून बसते, मग आकड्यांना उरणार किती? लेक तेच सांगत होती, आणि तरी शिक्का महाराजांचाच खरा मानत होती.

रांगेत उभ्या आईबापांनो, तेल घेण्याआधी आकडे कसे सांगितले ते ऐका. पोर घरी, तुमच्यापाशी काय काय लक्षात ठेवतं ते बघा. भर सभेत जाब विचारा, तिथल्या तिथे. माइक नंतर बंद होतो, पण पोराच्या कानात तो चालूच राहतो.