आई वाचायची ती कादंबरी

सुहासिनीबाई गेल्या, तेव्हा गुरुवारच्या प्रार्थनासभेतली कादंबरी अर्ध्यातच राहिली होती. लकडगंजातल्या ताराकाकूंच्या घरी प्रार्थना आटोपली, चहा झाला, की त्या बायकांना एक प्रकरण वाचून दाखवायच्या. उरलेलं वाचायला आता त्यांची मुलगी वैभवी आली होती. आईसाठी करता येण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

कादंबरी तिने आधीच वाचली होती. डोंगरावरच्या चर्चमध्ये खून होतो, खुनी मंडळीतलाच असतो, आणि ते फक्त घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्या यशवंतला ठाऊक असतं. भीती झकास साधली होती. धुक्यात घंटेचा दोर आपोआप हलतो तिथे तिच्याही अंगावर काटा आला होता. शंकेने पोखरलेला चर्चचा तरुण पाळकही खरा वाटला. पण ऐन पाठलागात तो दोन पानं प्रवचन द्यायचा. आणि खुन्याला पश्चात्ताप व्हावा एवढ्यासाठी यशवंतचा बळी गेला होता.

"म्हाताऱ्याला खुन्याने नाही, लेखकाने मारलंय," वैभवी आईला म्हणाली होती.

आई हसली होती. "एकदा गुरुवारी ऐकायला ये ना."

ते जाणं राहूनच गेलं.

तिने खुणेची पट्टी काढली आणि वाचायला घेतलं. "यशवंतला माती देऊन पाळक परतला, तेव्हा..."

"थांब वं," ताराकाकू म्हणाल्या. "यशवंतले माती? काहून?"

"मागच्या प्रकरणात गेला ना तो, काकू. घंटेखाली."

"कुठं गेला! पडला होता फक्त. पाय मोडला त्याचा. पाळकाच्या घरी सूप पिऊन राहिला तो."

"अन् कुरकुर करून राहिला, मीठ कमी आहे म्हणून," शेजारची मोनाली म्हणाली. बायका हसल्या.

वैभवीने मागची पानं उलटली. यशवंत मेलाच होता. सूप कुठेच नव्हतं.

"आणि पाठलागातलं पाळकाचं प्रवचन?"

"पळता पळता कोणी प्रवचन देते काय?" काकूंनी तिलाच विचारलं.

वैभवीने वर पाहिलं. काकूंच्या मागे भिंतीवर त्यांच्या यजमानांचा, देवरावकाकांचा फोटो होता. इथल्या चर्चची घंटा वर्षानुवर्षं त्यांनीच वाजवली. मागच्या वर्षी ते गेले. या खोलीत बसून घंटावाल्याला मारणं आईला जमलं नव्हतं. वैभवीने चूक दाखवली होती. आईने ती गुपचूप दुरुस्त केली होती, चहाचे कप बाजूला सारून, दर गुरुवारी.

"वाच ना पुढं," काकू म्हणाल्या. "बरा होते ना तो?"

पुढच्या पानांवर याचं उत्तर नव्हतं. आईने काय केलं असतं, ते वैभवीला सुचेना. तिने पुस्तक मिटलं.

"काकू, आईने सुरुवातीपासून कसं वाचलं, ते सांगाल मला?"

"पुस्तक तं तुझ्याच हातात आहे."

"यात ते नाहीये."

काकू पदर सावरून म्हणाल्या, "पहिले तं यशवंत पहाटे घंटा वाजवाले निघते..."

"त्याच्या आधी कुत्रं, काकू!" मोनाली म्हणाली. "त्याची चप्पल पळवते ते."

पुस्तकात कुत्रं नव्हतं.

"हे बी तुले माहीत नाही?" काकूंनी विचारलं.

"नाही," वैभवी म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून बसली.