अकरा-चौदावर दिवे गेले

सर्व्हिस करणारा माणूस रेषेच्या बाहेर उभा असतो. बाकी सगळे आत.

*

खांबावर चढलेल्या माणसाशी खालून गप्पा मारायच्या नाहीत.

*

घरून बायकोचा निरोप: "आज दिसलास टीव्हीवर. टॉवेल धरला होतास तेव्हा. ताईलाही दिसलास. टॉवेल चांगला होता."

*

सामना मध्येच थांबला आणि त्याच मैदानावर पुन्हा सुरू झाला, तर गुण तेच, खेळाडू तेच, जागा त्याच. दुसऱ्या मैदानावर न्यावा लागला, तर तो सेट रद्द. मग शून्यापासून, आणि सेटच्या सुरुवातीला जे सहा जण होते तेच सहा.

*

मोठ्या साडूला दुपारच्या झोपेतून उठवू नये.

*

हॉलला खिडक्या नव्हत्या.

*

त्याला सगळे राखीव म्हणत. कंपनीत म्हणत, संघात म्हणत, आणि बायको रागात असली की तीही म्हणे. वीज कंपनीच्या व्हॉलीबॉल संघाचा तो दुसरा सेटर. सेटर म्हणजे चेंडू अलगद उचलून मारणाऱ्याच्या हाताशी नेऊन देणारा. दुसरा सेटर म्हणजे पहिल्याला ताप येण्याची वाट बघणारा. पहिल्याची तब्येत दगडासारखी होती.

खंडातल्या सगळ्या देशांचे विजेते क्लब या स्पर्धेत खेळतात. वीज कंपनीचा संघ विजेता नव्हता, तिसरा होता. पण पहिल्या संघाचे निम्मे खेळाडू परदेशी क्लबांनी पळवले, दुसऱ्याने गाशाच गुंडाळला, आणि तिसऱ्यांना फोन आला तेव्हा त्यांचा कप्तान एका बंद ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत डोकं घालून काम करत होता. तो आतूनच हो म्हणाला. असे ते समुद्र ओलांडून आले. समोरच्या संघांत प्रत्येक खेळाडूमागे एक मालिशवाला होता. यांच्याकडे सगळ्यांत मिळून एक बामची बाटली होती, आणि संघातला एकूण एक माणूस लाइनवर, सबस्टेशनवर नाहीतर मीटरवर काम करणारा.

राखीवला संघ जिंकायला नको होता असं नाही. पण त्याआधी त्याला एक गोष्ट हवी होती. या स्पर्धेत एकदा तरी, पंचाची शिट्टी वाजल्यानंतर, चेंडूला हात लागायला हवा होता. शिट्टीच्या आधी तो खूपदा लागला होता. सरावातले चेंडू गोळा करायचं काम त्याच्याकडेच होतं. पुढच्या वर्षी आपल्याला संघात घेणार नाहीत, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि ते माहीत नसलेला माणूस संघात नव्हता.

अडचण प्रशिक्षकाची होती. प्रशिक्षक त्याचा साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बाहेरच्याला वाटेल, मग तर काय, सोन्याहून पिवळं. झालं उलटंच. साडूला खेळवलं असं कोणी म्हणू नये म्हणून साडू त्याला कित्येक वर्षं खेळवत नव्हता. घरी त्याला आग्रह करकरून वाढे, मैदानावर ओळख दाखवत नसे. राखीवही पाळायचा तसं. घरी साडूभाऊ, मैदानावर सर.

"सर," तो त्या दुपारी सामन्याआधी म्हणाला, "आज गरज पडली तर..."

"गरज पडू नये अशी प्रार्थना कर," साडू म्हणाला. "तू गरज पडल्यावरचा माणूस आहेस."

*

गटातला शेवटचा सामना. जिंकेल तो उपांत्य फेरीत, हरेल तो घरी. दोन सेट यांनी घेतले, दोन त्यांनी. पाचवा पंधरापर्यंत असतो. त्यात ते चौदावर पोचले तेव्हा वीज कंपनी दहावर धापा टाकत होती. मग त्यांच्या एका धिप्पाड गड्याने चेंडू रेषेबाहेर हाणला. अकरा-चौदा. सर्व्हिस आपली.

सर्व्हिसची पाळी खांबची होती. खांब म्हणजे संघातला सगळ्यात उंच माणूस. नेटवर त्याच्यासारखा ब्लॉक घालणारा नाही, पण त्याची सर्व्हिस कधी छताला लागे तर कधी प्रेक्षकांना. साडूने बाकाकडे पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. दुसऱ्या टोकाला राखीव टॉवेल घेऊन बसला होता.

"जा."

"कुठे?"

"सर्व्हिसला. हरल्यातच जमा आहे. जा, घरी सांगायला होईल."

राखीवने बदलीसाठी खांबच्या नंबरची पाटी उचलली आणि टॉवेल सोबत घेऊनच निघाला. कोणीतरी तो त्याच्या हातातून काढून घेतला. तो रेषेमागे गेला. चेंडू मिळाला. त्याने तो जमिनीवर आपटला, पुन्हा आपटला, हातात फिरवला. उंच खुर्चीवरच्या पंचाने शिट्टी ओठांत धरली.

आणि दिवे गेले.

शिट्टी वाजली नाही. हे महत्त्वाचं आहे.

*

एवढा मोठा हॉल काळाकुट्ट झाला की माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. प्रेक्षकांनी मोबाइलचे दिवे लावले. तेवढ्यात माणसाचा आकार कळत होता, चेहरा नाही. मुख्य पंच अंधारात शिडी उतरायला तयार नव्हता. तो वरूनच बोलत होता आणि खाली कोणीतरी मान डोलावत होतं.

कप्तान पंचांशी बोलून आला आणि सगळ्यांना बाकापाशी गोळा केलं. राखीव चेंडू घेऊनच आला.

"नीट ऐका," कप्तान म्हणाला. त्याला नियमांचं पुस्तक तोंडपाठ होतं, त्यामुळे त्याच्याशी कोणी पत्ते खेळत नसे. "थोडा वेळ बघणार. दिवे नाही आले तर सामना शेजारच्या सरावाच्या हॉलमध्ये. त्याची लाइन वेगळी आहे, दाराखालून उजेड येतोय बघा. आणि तिकडे गेलो की हा सेट पुसला. शून्य-शून्य."

हरलेला माणूस फाशीच्या तख्तावरून परत येतो तेव्हा आधी मान चाचपतो, तसा प्रत्येक जण अंधारात स्वतःला चाचपत होता.

"पहिले सहा कोण?" राखीवने विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं.

"सेटला सुरुवात केली तेच. तू नाहीस."

"बरं."

"म्हणजे," साडू म्हणाला, "आपल्याला अंधार हवाय. दिवे येता कामा नयेत. जो कोणी स्विचरूमकडे फिरकेल तो पायी घरी येईल."

"मध्ये समुद्र आहे, सर," खांब म्हणाला.

"म्हणूनच सांगतोय."

*

स्विचरूम हॉलच्या कोपऱ्यात होती आणि तिचं दार उघडं होतं. आतून आवाज आला. खटॅक. लगेच पुन्हा खटॅक.

"ऐकलंस?" फ्यूज कुजबुजला. फ्यूज म्हणजे लिबेरो, मागे राहून फक्त बचाव करणारा, वेगळ्या रंगाच्या जर्सीतला बुटका गडी; एरवी सबस्टेशनवर ड्यूटीला. "हॉलचा वायरमन मेन स्विच उचलतोय. सगळे स्विच चालू ठेवून मेन उचलतोय."

"उचलू दे," खांब म्हणाला.

"पडणारच ना तो."

"पडू दे की. आपल्याला काय हवंय?"

खटॅक. खटॅक.

"अरे देवा," फ्यूज म्हणाला. "आधी बाकीचे सगळे खाली पाड, मग एकेक वर घे, जो मेनला पाडतोय तो बाजूला ठेव. संपलं! एवढं साधं आहे!"

"हळू बोल. ऐकेल तो."

"त्याला आपली भाषा कळत नाही."

"हातवारे कळतात."

खटॅक. खटॅक. बाकावर बसलेले सगळे एकदम शहारले. दुसऱ्याच्या पोराला कोणी चुकीच्या हाताने घास भरवत असावं आणि आपल्याला बोलता येऊ नये, तशी त्यांची अवस्था झाली होती. घरी जेवताना दिवे गेले तरी हे लोक घास ताटात टाकून उठत. लग्नाच्या हॉलमध्ये दिवा लुकलुकला तर पाहुण्यांशी बोलता बोलता वर बघत.

"मी जरा लघवीला जाऊन येतो," फ्यूज म्हणाला.

"टॉयलेट उजवीकडे आहे. तू डावीकडे चाललायस."

"अंधारात कळत नाही रे."

थोडा वेळ गेला. खांब उठला. "याला टॉयलेट दाखवून येतो."

मग कप्तान उठला. "दोघांना धरून आणतो." तो गेला तोही डावीकडेच. मग पहिला सेटर म्हणाला की कप्तान एकटा आहे, दोघे त्याचं ऐकणार नाहीत. त्याच्यामागून बाकीचे, काही न सांगता, बूट वाजू नयेत म्हणून टाचा उचलून.

बाकावर साडू राहिला आणि राखीव. राखीवच्या मांडीवर चेंडू.

"तू नाही गेलास?" साडूने विचारलं.

"नाही."

"तुला तर दिवे हवेत."

"हवेत की."

"मग?"

"मी गेलो तर म्हणतील, स्वतःच्या सर्व्हिससाठी संघ बुडवला."

हा आजार साडूच्या ओळखीचा होता.

"शिवाय खरंच बुडेल," राखीव म्हणाला. "नव्याने खेळलो तर जिंकू आपण. ते लोक थंड पडलेत. मी बसतो इथेच."

"शहाणा आहेस," साडू म्हणाला. असं त्याने आजवर फक्त जेवणाच्या टेबलावर म्हटलं होतं, दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा.

स्विचरूममधून आता कुजबुज येत होती. मग परत खटॅक, पण या वेळी लगेच पडल्याचा आवाज आला नाही. साडूची मान आपोआप तिकडे वळली.

"कोणती ओळ बाजूला ठेवली असेल रे?"

"सर, तुम्ही जाऊ नका."

"छे. पण ते घाई करतील. फ्यूज घाई करतो. तो जळका स्विच नुसता खाली पाडून ठेवेल, वायर सोडवणार नाही. मग नंतर कोणीतरी चुकून उचलेल आणि हात भाजेल एखाद्याचा."

"भाजेल," राखीवने कबूल केलं. "पण जाऊ नका."

"मी कुठे जातोय?" साडू म्हणाला. आवाज दारापासून आला.

*

दिवे एकेक ओळ करून आले. आधी प्रेक्षकांवर, मग नेटवर, मग मैदानावर. फक्त दूरच्या कोपऱ्यातली एक ओळ काळी राहिली. तिचीच वायर जळली होती, ती बाजूला काढली होती, आणि काढली होती अगदी नीट.

स्विचरूमच्या दारात वीज कंपनीचा अख्खा संघ उभा होता. कप्तानाच्या हातात हॉलच्या वायरमनचा पेचकस. फ्यूजच्या तोंडात चिकटपट्टीचा तुकडा. साडू मागे उभा राहून वर बघत होता, कुठला दिवा कमी तेजाने जळतोय का ते. सगळ्यांच्या चेहऱ्यावर, काम झाल्यावर येतं, ते समाधान. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. वायरमनने खांबला मिठी मारली, तो त्याच्या पोटापर्यंत येत होता. समोरच्या संघाने सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या आणि त्यांचा कप्तान स्वतः चालत येऊन आपल्या कप्तानाचा हात हलवून गेला.

तो हात सुटल्यावर कप्तानाने आपल्या हातातल्या पेचकसाकडे पाहिलं. मग गुणफलकाकडे. अकरा-चौदा.

"अरेच्चा," तो म्हणाला.

फ्यूजने तोंडातली चिकटपट्टी काढली. साडूने वर बघायचं थांबवून खाली बघायला सुरुवात केली. पंच उंच खुर्चीवरून म्हणाला, तेच मैदान, तेच गुण, त्याच जागा, आणि सर्व्हिस कोणाची होती?

राखीवने बाकावरून हात वर केला.

*

त्याला वाईट वाटलं. ते खरं वाटलं, कारण रेषेकडे जाताना त्याचे पाय आनंदाने चालत होते आणि त्याला त्यांची लाज वाटत होती. खांब बाकाकडे जाता जाता म्हणाला, "मार आता. आम्ही तर मारलंच आहे."

शिट्टी वाजली.

चेंडू नेटच्या वरच्या पट्टीला लागला, तिथे क्षणभर थांबला, कुठे पडावं याचा विचार केल्यासारखा, आणि पलीकडे पडला. बारा-चौदा. पाच जण धावत येऊन त्याच्या अंगावर पडले. त्यांनी इतकं घट्ट धरलं की ते शाबासकी देतायत का माफी मागतायत, कळेना.

दुसरी सर्व्हिस चांगली गेली. त्यांनी ती चांगली घेतली, चांगली उचलली, आणि त्या धिप्पाड गड्याने या वेळी रेषेच्या आत मारली. चेंडू थेट राखीवच्या हातांवर आला आणि तिथून प्रेक्षकांत गेला. बारा-पंधरा.

हॉटेलच्या बसमध्ये कोणी बोलत नव्हतं. अर्ध्या वाटेत फ्यूज म्हणाला, "पण फॉल्ट मस्त काढला." मग सगळे एकदम बोलायला लागले, आणि हॉटेल येईपर्यंत त्या वायरचाच विषय चालला. साडू पुढच्या सीटवर होता. त्याने मागे वळून राखीवला विचारलं, "हात शेकला का?"

"थोडा, साडूभाऊ."

बसमध्ये त्याला सर म्हणायचं राहून गेलं. साडूने ते दुरुस्त केलं नाही.

त्या दिवशी सकाळच्या सरावात राखीवची एकही सर्व्हिस नेटपलीकडे गेली नव्हती, आणि साडू पूर्ण वेळ शेजारी उभा राहून ते बघत होता.