कोगनोळीतली पाळी

कोगनोळीच्या चार्जिंग मशीनला गाडी लागली आणि माझ्या स्क्रीनवर मालकाचं नाव आलं. विक्रम पाटील, आमच्याच गावचा. मी त्याची वीज साठ किलोवॅटवरून दोनवर आणली.

उद्यमबागेतल्या ऑफिसात बसून मी निपाणी, कोगनोळी आणि शहापूरच्या चार्जिंग केंद्रांना वीज वाटून देते. तिन्हींना मिळून ठरावीकच वीज असते. वाटणी कॉम्प्युटर करतो, पण अडीनडीला हाताने कमी-जास्त करायची मुभा मला आहे. विक्रमअण्णाची काढलेली वीज शहापूरच्या रिक्षांकडे वळली.

आमची आणि त्याची विहीर सामाईक होती. थ्री-फेज लाईट दिवसाला सहा तास; तीन तास त्याची पाळी, तीन तास आमची. त्याची मोटर मात्र सहाही तास चालायची. माझे वडील, भीमाप्पा, बांधावर बसून राहायचे. पाळी मागितली तर तो हसायचा. दोन हंगाम आमची उभी तंबाखू पाण्यावाचून वाळली आणि ते रान शेवटी त्यानेच घेतलं. पंधरा वर्षं झाली. माझा राग अजून ताजा आहे.

अर्ध्या तासाने त्याचा हेल्पलाइनला, म्हणजे मलाच, फोन आला. लेकाचा साखरपुडा कोल्हापुरात, साडेबाराचा मुहूर्त, साडी-दागिने याच्याच गाडीत. मी गोड आवाजात सांगितलं, लोड आहे, थांबावं लागेल. दुसऱ्या फोनला तो मला मॅडम म्हणाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

मग मी घरी फोन लावला.

"आप्पा, विक्रमअण्णाला कोगनोळीत ताटकळत ठिवलंय मी. त्येची लाईट माझ्या हातात हाय."

आप्पा हसतील असं वाटलं होतं.

"पाळी कुणाची हुती गं?" त्यांनी विचारलं.

रांगेत पहिला नंबर त्याचाच होता.

"शहापूरच्या रिक्षावाल्यांची," मी म्हणाले.

"मग बराबर हाय."

जेवलीस का, म्हणून त्यांनी विचारलं. आवाज एकदम मोकळा झाला होता. त्या माणसाने जन्मात कधी दुसऱ्याच्या पाळीत मोटरच्या स्टार्टरला हात लावला नव्हता, आणि मी त्यांच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलले होते.

साडेबाराला विक्रमअण्णाचा पुन्हा फोन आला. वाढवला तर पाळी त्याचीच होती हे कबूल केल्यासारखं होतं, म्हणून दोनचा आकडा मला आता वाढवता येईना. मी फोन वाजू दिला.