कळपाची चाल

अंबाबाईची घोंगडी टीव्हीवर दिसणार, ही बातमी मुळशी धरणाच्या काठाकाठानं साऱ्या वाड्यांना पोचली होती. पोचवणारी खुद्द अंबाबाईच. दळणाला गेली की तिथं सांगायची, पाण्याला गेली की तिथं सांगायची, आणि पौडच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता अनोळखी बाईलाही सांगायची.

"धागा न् धागा दिसतोय बघा. काठाची तांबडी टीपसुदीक दिसती. माज्या लेकीनं केलंय."

लेक म्हणजे उत्कर्षा. बावधनला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची आणि एका लहानशा कंपनीत व्हिडिओ गेम बनवायची. तिच्या गेममध्ये बंदुका नव्हत्या की शर्यतीच्या मोटारी नव्हत्या. एक धनगरीण होती, तिच्या खांद्यावर घोंगडी होती आणि पुढं मेंढरांचा कळप होता. डोंगर उतरायचा, नदी ओलांडायची, एकही जीव मागं न ठेवता पल्याड पोचायचं, एवढाच खेळ.

ती खांद्यावरची घोंगडी अंबाबाईची. लोकर तिच्याच मेंढरांची. नवऱ्यानं, पिराजीनं कातरलेली, तिनं चरख्यावर कातलेली आणि सणगरानं विणून दिलेली. कंपनीतली ऋतिका, लातूरकडची पोरगी, एक अख्खी सकाळ ती घोंगडी खडकावर पसरून फोटो काढत बसली होती. उजेड असा पडला की असा, उजेड तसा पडला की तसा. मग तिनं मेंढरांचे फोटो काढले. मेंढरं कुठली उभी राहतायत! एकीनं तिची ओढणीच चघळली. तरी पोरगी हसत होती. पुढं दिवाळीत उत्कर्षानं मोबाइलवर तयार झालेलं चित्र दाखवलं, तेव्हा अंबाबाईनं बोट लावून पाहिलं होतं. लोकरीची कुसळं टोचतील की काय, इतकं खरं.

तेव्हापासून तिची मान जरा ताठच होती. थोरली जाऊ सारजाबाई एकदा म्हणाली होती, "पोरगी शिकली खरी, पण मेंढरांचीच चित्रं काढाया शिकली व्हय? मेंढरं काय हितं न्हाईत?" त्या बोलण्याला घोंगडी हेच अंबाबाईचं उत्तर होतं.

आणि चैत्रातल्या एका शनिवारी उत्कर्षा घरी आली ती गप्पगप्पच. चहा निवला तरी कप हातातच.

"काय झालं गं? सायेब बोलला का काय?"

"न्हाई आये. एक ठरवायचं हाय, आन् मला ठरवता येत न्हाई."

"मला सांग. कळंल तेवढं कळंल."

उत्कर्षानं कप खाली ठेवला. "गेम म्हंजी काय, एकामागं एक भराभर दावलेली चित्रं. ज्या डब्यावर गेम चालतो त्याची ताकद ठरलेली असती. एकेक चित्र बारीक काढाया लावलं, की सेकंदाला तीसच निघत्यात. तवा तुजी घोंगडी धाग्यानिशी दिसती, पण कळप चालताना गचके खातो. आन् चित्र थोडं जाडंभरडं काढलं, की साठ निघत्यात. मग कळप पाण्यावानी वाहतो."

"आन् घोंगडी?"

"ती मग... काळा डाग दिसती."

अंबाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "मग दोनी ठेवा की."

"सेटिंगमदी दोनी हायेतच. पण गेम उघडल्यावर पयलं कोणतं दिसणार, ते एकच. सेटिंगमदी कोण जातंय? आन् आमी माणसं थोडी, घासूनपुसून एकच नीट हुईल. स्वानंदसर म्हणले, कळप तू बनवलास, तूच ठरव. उद्या सगळीजणं हितं येणार हायेत. वाडीतल्यांना दोनी दावू म्हणले."

अंबाबाईनं लाकूड पुन्हा आत सारलं. तिच्या डोळ्यांपुढं सारजाबाईचा चेहरा उभा राहिला होता.

रविवारी सकाळी कंपनीची गाडी वाडीत आली. स्वानंद उतरला, ऋतिका उतरली, मागून घडवंचीएवढा टीव्ही उतरला. बिरदेवाच्या देवळापुढच्या मंडपात सावली होती आणि लाइटचा बोर्डही होता, म्हणून टीव्ही तिथंच मांडला. बायका एका बाजूला, बापे दुसऱ्या बाजूला. दोन चित्रांतलं एक निवडायचं आहे, हे कळल्यावर पिराजीनं डोक्याचं मुंडासं नीट केलं आणि म्हणाला, "त्यात काय अवघड हाय? देवाला कौल लावू. उजवं फूल पडलं तर धागा, डावं पडलं तर चाल."

"अवो, देवाला हे लाइटीवरचं कशाला इचारताय?" अंबाबाई म्हणाली. "त्यानं कवा टीव्ही बघितला?"

मंडप हसला. स्वानंद मात्र गंभीरपणे म्हणाला, "काका, चालेल. तीन महिने भांडतोय आम्ही, देवानं तरी सोडवावं."

आधी बारीक चित्र लावलं.

पडद्यावर पहाट झाली. डोंगराच्या सोंडेवर धनगरीण उभी होती आणि तिच्या खांद्यावर ती, ती घोंगडी! काळ्या लोकरीत मध्येच आलेला करडा केस, काठाची तांबडी टीप, एका जागी सुटलेला टाका. सारी बायकामंडळी पुढं सरकली. "अगं बया! अंबाची घोंगडी!" कुणी म्हणालं, दव पडलंय बघा तिच्यावर. सारजाबाईनं तोंडाला पदर लावला आणि ती काहीच बोलली नाही, आणि सारजाबाईनं काही न बोलणं म्हणजे केवढी गोष्ट, ते त्या वाडीलाच ठाऊक. अंबाबाईच्या ओठांवर आपोआप ओवी आली, अगदी हलक्या आवाजात:

काळी माझी घोंगडी गं, तिला तांबडी किनार,
लेकीनं माझ्या नेली, सात समिंद्राच्या पार.

मग पिराजीनं गेमचा रिमोट हातात घेतला आणि कळप चालवला. मेंढरं देखणी होती, डोळ्यांतलं पाणीदेखील चकाकत होतं. पण नदीशी वळताना मेंढरू इथं असायचं ते एकदम तिथं दिसायचं, मधलं पाऊल कुणी उचलून नेल्यासारखं. कुणी नावं ठेवली नाहीत. "झ्याक हाय," पिराजी म्हणाला, भिंतीवरचं कॅलेंडर बघून म्हणावं तसं. जरा वेळानं बाप्यांत पाण्याच्या पंपाचं बोलणं सुरू झालं.

ऋतिकाचं तोंड उजळलं होतं. उत्कर्षानं मुकाट्यानं दुसरं चित्र लावलं.

"अंबे," सारजाबाईचा आवाज लगेच फुटला, "तुजी घोंगडी कुटं गेली गं? का आळशी बाईनं खांद्यावर पोतं घेतलंया?"

बायका फिसकन हसल्या. अंबाबाईनं पाहिलं. खरंच पोतं. काठ नाही, टीप नाही. साऱ्या मावळाला सांगून ठेवलेलं तिच्या डोळ्यांदेखत विरघळून गेलं होतं. तिचे कान तापले. तिनं मान खाली घातली.

म्हणून कळप नदीत कधी उतरला, ते तिनं पाहिलंच नाही. तिला आधी जाणवली ती शांतता. पंपाचं बोलणं मध्येच तुटलं होतं. तिनं मान वर केली.

पुढच्या मेंढ्यानं मान वळवली होती. त्याच्या शेजारची वळली, मग तिच्या शेजारची, आणि ते वळण अख्ख्या कळपातून सरसरत मागं आलं, उभ्या भातातून वारा जावा तसं. म्हातारी मेंढी कडेनं चालत होती. दोन तरण्या एकमेकींना ढुश्या देत होत्या. आणि पार मागं एक कोकरू पाण्यापाशी येऊन थबकलं. पुढचा पाय पाण्यात घातला, मागं घेतला. कळप पुढं चालला. कोकराचे कान हलले. त्यानं तोंड फिरवलं, भलतीकडं.

"आरं ये, ये, यो, यो, यो!"

हाक मंडपभर घुमली. मांडीवर थाप पडली. आपलाच आवाज आहे, हे अंबाबाईला हाक संपल्यावर कळलं. पण तिला लाज वाटायला सवड होती कुठं? तिकडं पिराजी रिमोट टाकून काठी उगारत उठला होता, दोन म्हातारे तोंडात बोटं घालून शीळ घालत होते, आणि ती शीळ ऐकून वाडीतली कुत्री कामाला बोलावलं म्हणून मंडपात घुसली होती. एक कुत्रा तर टीव्हीमागं जाऊन मेंढरं हुडकू लागला. स्वानंद खुर्चीवर चढून उभा राहिला. हसायचं कुणी कुणाला? सगळेच फसले होते. सारजाबाईच्या तोंडाचा पदर कधीच खाली पडला होता आणि ती म्हणत होती, "आरं, त्याला उचला की कुणीतरी!"

अंबाबाई मात्र टीव्ही सोडून लेकीकडं बघत होती. लहानपणी ही पोरगी कळपामागं चालायची आणि मध्येच थांबायची. बघत राहायची. अंबाबाई ओरडायची, "ध्यान कुटं हाय तुजं? मेंढरं गेली पुढं!" तिचं ध्यान कुठं होतं, ते आज पडद्यावर चालत होतं. एकही पाऊल विसरली नव्हती पोरगी.

कुत्र्यांना हाकलून सगळे जागेवर बसल्यावर स्वानंदनं विचारलं, "मग, उत्कर्षा?"

उत्कर्षानं एकदा ऋतिकाकडं पाहिलं, एकदा आईकडं. आईच्या तापलेल्या कानांकडं.

"सर, पहिलंच ठेवू. बारीकवालं."

"नक्की? आत्ता काय झालं ते बघितलंस ना?"

"बघितलं. तरी पण... घोंगडी दिसायला पाहिजे."

मंडपात कुजबूज झाली. अंबाबाई उठली. पदर खोचला आणि बाप्यांच्या पुढून चालत जाऊन लेकीसमोर उभी राहिली.

"हिकडं बघ. माज्या तोंडाकडं बघून ठरवतीस व्हय?"

"आये, तू समद्यांना सांगून ठेवलंस..."

"सांगितलंया तर माजं मी निस्तरीन. जीभ माजी हाय." तिचा आवाज चढला होता, पण राग त्यात नव्हता. "घोंगडी खांद्यावर टाकली, की मी काय तिच्याकडं बघत चालती? माजी नजर मेंढरांवर असती. ही टीव्हीतली बाई कुटं बघंल? मी ज्या कोकराला हाक मारली ते तू बनवलंस. तुजं मोडून माजं कशाला दावतीस? असली घोंगडी मला नगं."

उत्कर्षानं मान डोलावली. पिराजी मागून म्हणाला, "कौल मिळाला. फुलाचं काम न्हाई."

"मग बाकीच्या वाड्यांना काय सांगशील गं?" सारजाबाईनं विचारलं. आवाजात अजून थोडी धार होती, पण मघाएवढी नाही.

"तेच सांगीन बाई, जे तुमी बघितलं. माज्या लेकीनं कळप चालवला आन् तुमी त्याला खरा समजून वरडला."

हशा एवढा मोठा उठला की देवळाच्या शिखरावरची कबुतरं उडाली. सारजाबाई स्वतःही हसली.

ऋतिका हसली नाही. ती वायरी गुंडाळायला वाकली होती. अंबाबाई तिच्याशेजारी टेकली.

"लागलं ना मनाला?"

"हो काकू." पोरगी खरं बोलली. "सहा महिने तेच काम केलं होतं. उत्कर्षाचं बरोबर आहे, मलाही दिसलं. पण वाईट वाटतंय."

"वाटंलच. तू एकेक केस काढला व्हतास. मी बघितलंया ते, आन् मी इसरणार न्हाई." तिनं ऋतिकाच्या हातातली वायर काढून घेतली. "हे मागनं गुंडाळ. आधी जेवाया चल. आन् ते इझवू नका अजून, मला चालवायचंय."

"तुला?" उत्कर्षा डोळे पुसत हसली. "आये, तुला येतंय व्हय?"

"पायानं येतंय, बोटानं न्हाई येणार?"

आलं नाही. अंगठा डावीकडं सरकला की धनगरीण गिरक्या घेऊ लागायची, आणि तिच्यामागं सारा कळप गिरक्या घ्यायचा. बायका पोट धरून हसत होत्या. उत्कर्षा अंगठ्यावर अंगठा ठेवायला पुढं आली, तर अंबाबाईनं कोपरानं तिला मागं सारलं. हळूहळू गिरक्या थांबल्या. धनगरीण सरळ चालू लागली, ओढ्याच्या कडेनं, उताराला लागून. जेवणाची पानं मांडली गेली, हाका आल्या, कुणी उठेना.

"अंबे, आता आण हिकडं," सारजाबाईनं हात पुढं केला. "मला बी बघू दे की जरा."

"थांबा बाई," अंबाबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "नदी उतरायचीया अजून. मदीच कुणाच्या हाती देऊ?"